जोखीम कुणाची?

(नांदेडला युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, चार वाक्यं तेवढी पुढंमागं केलीत.)



मला बोलायला विषय दिलाय, नवे उद्योग आणि त्यांचं भांडवल. पत्रात शब्द होता ‘स्टार्टअप’. गोदीतल्या आमच्या टोळीनं पत्र वाचलं नि म्हणाले, आता कवीला शेठ करायलेत का काय! मी मॅट्रिक शिकलेला, मुंबईच्या गोदीत कंत्राटावर. भांडवलाशी माझा संबंध एवढाच, की ते बोटीतून उतरतं तेव्हा मी खाली उभा असतो. तरी हो म्हणालो. कारण दर जयंतीला आपल्या वस्तीत एक सुटाबुटातला वक्ता येतो आणि पोरांना सांगतो, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. टाळ्या पडतात. पण कुणी पोरगं उठून विचारत नाही, की साहेब, देणारा व्हायला पहिले चार लाख कुठून आणू? आणि ते बुडाले तर कुणाचे बुडाले?

दुसरा प्रश्न मोठा आहे. मी त्यावरच बोलणार.

इथं काही जण नाक मुरडतील. चळवळीच्या शिबिरात धंद्याच्या गोष्टी? बाबांनो, पैशाला शिवायचं नाही हा सोवळेपणा ज्यांच्या तिजोऱ्या भरल्यात त्यांना परवडतो. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ साली त्याचं पुस्तक लंडनला छापून आलं. त्याच्याही आधी, बडोद्याहून अपमान सोसून ते मुंबईला परतले तेव्हा, १९१७-१८ च्या सुमाराला, पोट भरायला त्यांनी एक लहानशी कंपनी काढली होती. शेअर आणि रोखे घेणाऱ्यांना सल्ला देणारी. आजच्या भाषेत स्टार्टअपच की! कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस सल्ला देणार म्हटल्यावर गिऱ्हाईक यायला लागलं. मग गिऱ्हाइकाला कळलं सल्लागार अस्पृश्य आहे. गिऱ्हाईक बंद, कंपनी बंद. सल्ला खोटा निघाला अशी तक्रार कुणाची नव्हती. बाजार जात बघत नाही, नुसता माल बघतो, असं जो म्हणेल त्याला ही गोष्ट सांगा. त्याच १९१८ सालात बाबासाहेबांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी मांडलं, की शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, तो उद्योग वाढल्याशिवाय हलका होणार नाही. शंभर वर्षं होऊन गेली. मुखेड-कंधारचे रिकामे हात आजही पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतात.

आता सरकार स्टार्टअप कशाला म्हणतं ते बघू. २०१६ च्या जानेवारीत दिल्लीला स्टार्टअप इंडियाचा नारळ फुटला. २०१९ च्या फेब्रुवारीत व्याख्येची अधिसूचना निघाली. त्या व्याख्येत दोन वाटा आहेत. एकतर तुमचा धंदा काहीतरी नवं करणारा पाहिजे, नाहीतर तो वाढवत नेता येण्याजोगा पाहिजे आणि त्यात रोजगार किंवा संपत्ती निर्माण करण्याची मोठी ताकद पाहिजे. रोजगार किंवा संपत्ती. तो ‘किंवा’ मी चार वेळा वाचला. एक माणूस कामाला न लावता तुम्ही ढीगभर संपत्ती उभी केली तरी सरकारदरबारी तुम्ही पास. आपल्या वस्तीत विकायला असतं काय? हातच. आणि ज्या धंद्याला हात लागतच नाहीत त्याची आरती आपल्याच पोरांनी ओवाळायची!

हे वाढवत नेणं काय असतं ते गोदीवाल्याला कुणी शिकवायला नको. पूर्वी बोट लागली की टोळ्या चढायच्या. पाठीवर गोणी, हातात हूक, वर मुकादमाची शिवी. एका बोटीला दिवसच्या दिवस लागायचे. १९५६ साली अमेरिकेत एका ट्रकवाल्या शेठनं लोखंडी पेट्या बोटीवर ठेवून नेल्या, ५८ पेट्या. तिथनं सगळं फिरलं. माल पेटीत, पेटी क्रेनला, क्रेन ट्रेलरवर. १९८९ मध्ये पलीकडं न्हावा शेवा बंदर चालू झालं ते पेटीच्या हिशेबानंच. मुंबईचं डॉक लेबर बोर्ड, जे गोदी कामगारानं लढून मिळवलं होतं, ते १९९४ ला पोर्ट ट्रस्टात विरघळलं. दहापट माल, आणि माणसं दहापट नकोत, उलट कमीच. याला म्हणतात स्केल. मी पेटीच्या विरोधात नाही. गोणी वाहून म्हाताऱ्यांचे मणके गेलेत, त्यांना विचारा गोणी परत पाहिजे का. पण पेटीनं जे वाचलं ते कुणाच्या खिशात गेलं, हे विचारायला काय हरकत आहे?

आता पैशाकडं येतो. धंद्याला पैसा दोन तऱ्हांनी मिळतो. एक कर्ज, दुसरा हिस्सा. इंग्रजी शब्द काहीही असोत, आत एवढंच आहे. हे नीट समजून घ्या.

समजा, लातूरला आपल्या पाच बायांनी मिळून डब्याचा धंदा काढायचा ठरवला. लातूरच का? कारण बारावी आणि नीटच्या शिकवण्यांसाठी अख्ख्या मराठवाड्याची लेकरं तिथं येऊन राहतात. लातूर पॅटर्न म्हणून ज्याचा गवगवा झाला त्या झाडाखाली शिकवण्या, खोल्या, मेसा, झेरॉक्स, अभ्यासिका असा सगळा बाजार उगवलाय. त्यातल्या किती मेसांत पोळ्या आपल्या वस्तीतल्या बाया लाटतात ते पहाटे जाऊन बघा. पाटीवर नाव दुसऱ्याचं.

तर या पाच जणींना भांडी, शेगड्या, खोलीचं डिपॉझिट, एक जुना टेम्पो, असे चार लाख लागतात. त्यांनी ते वर्षाला २४ टक्क्यांनी, दोन वर्षांच्या मुदतीनं काढले. महिन्याला हप्ता पडतो २१ हजारांच्या वर. धरा, सगळ्यांची मजुरी जाऊन महिन्याला ३० हजार उरतात. हप्ता जातो, नऊ हजार राहतात, गाडा चालतो. मग मे महिना येतो. नीटची परीक्षा होते. पोरं ट्रंका उचलून गावाला जातात. खोल्या रिकाम्या, डबे उपडे. शिल्लक शून्य. हप्ता? २१ हजारच. पहिल्या महिन्याला गळ्यातलं जातं. दुसऱ्याला टेम्पो. तिसऱ्याला पाच जणी एकमेकींचं तोंड बघत नाहीत.

आता दुसरी तऱ्हा. कुणीतरी चार लाख दिले आणि म्हणाला, व्याज नको, मला धंद्यात ३० टक्के हिस्सा द्या. चांगल्या महिन्यात तो ३० हजारांतले नऊ हजार नेईल. मे महिन्यात शून्यातलं ३० टक्के नेईल. धंदा बुडाला तर त्याचे चार लाख त्याच्याबरोबर बुडाले, बायांच्या दाराशी कुणी येणार नाही.

हिस्सेवाला काही बुद्धाचा अवतार नाही. कर्ज दोन वर्षांत फिटतं, व्याज साधारण लाख-सव्वालाख जातं आणि सुटका होते. हिस्सेवाला जन्माचा जावई. धंदा वाढला की वाढलेल्यातलं ३० टक्के त्याचं, पुढं आणखी पैसा लागला की आणखी हिस्सा, आणि एक दिवस तो म्हणतो मला माझा वाटा विकून निघायचंय. तेव्हा मालकीण असलेली बाई स्वतःच्याच मेसमध्ये पगारी आचारी होऊन बसते. चांगल्या दिवसांत हिस्सा महाग. वाईट दिवसांत कर्ज जीव घेतं. आणि आपले वाईट दिवस किती असतात हे मी नांदेडात सांगायला नको.

शिवाय मोठे हिस्सेवाले, ज्यांना व्हेंचर कॅपिटल म्हणतात, ते डब्याच्या धंद्याकडं ढुंकून बघत नाहीत. त्यांचं गणित असं, की दहा ठिकाणी पैसा टाकायचा, सात-आठ बुडणार हे धरूनच चालायचं, एखादा असा वर जायला पाहिजे की सगळ्यांची भरपाई करेल. म्हणून त्यांना पेटीवाला धंदा पाहिजे, गोणीवाला नको. डब्यामागं पोळ्या लाटायला हात लागतात. डबे पोचवायचं ऍप असेल तर त्यांना चालतं. हात, गाडी, पेट्रोल दुसऱ्याचं. झोमॅटो २०२१ च्या जुलैत शेअर बाजारात आली, ९,३७५ कोटी गोळा केले, आणि तेव्हा ती तोट्यात होती. तोटा चालतो तिथं. तोट्याला ते गुंतवणूक म्हणतात. बायजूस नावाच्या शिकवणीच्या कंपनीची किंमत २०२२ साली २२ अब्ज डॉलर लावली होती. २०२४ मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि परदेशातल्या एका बड्या गुंतवणूकदारानं आपल्या हिश्शाच्या खात्यावर सरळ शून्य लिहिलं. शून्य लिहिलं नि पुढच्या फायलीला लागले. आपल्या वस्तीतल्या बाईला २१ हजारांच्या हप्त्यापुढं शून्य लिहिता येतं का?

येत नाही. कारण वाढत जाणारा धंदा आपल्या वस्तीत आला तो आपल्याला गिऱ्हाईक करायला आला. देगलूरच्या पलीकडं, आजच्या तेलंगणात, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या नारायणखेडच्या भागात १९९० च्या दशकाच्या शेवटी एसकेएस नावाची संस्था गरीब बायांचे गट करून लहान कर्जं द्यायला लागली. सुरुवातीला सेवाभावी. मग कंपनी झाली. परदेशी व्हेंचर पैसा आला. पैसा आला की पैशाला वाढ पाहिजे. शाखा, गट, हप्ते, सगळं झपाट्यानं वाढलं. २०१० च्या उन्हाळ्यानंतर कंपनी शेअर बाजारात आली, १,६०० कोटींच्या वर रक्कम उभी राहिली. त्याच वर्षी आंध्रात छोट्या कर्जांच्या वसुलीच्या जाचानं आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या, ऑक्टोबरात सरकारनं वटहुकूम काढला, वसुली ठप्प झाली. पुढं कंपनीनं नाव बदललं, २०१९ साली एका बँकेत विलीन झाली.

बघा, हा स्टार्टअपचा धडा आहे आणि तो आपल्या शेजारच्या शिवारात घडलाय. कंपनीला पैसा मिळाला हिश्शाच्या रूपानं, बुडाला तर देणाऱ्याचा. तोच पैसा खाली बाईपर्यंत पोचला कर्जाच्या रूपानं, बुडाला तर बाईचा. वरून खाली येता येता जोखमीनं मालक बदलला. आणि एकीनं हप्ता चुकवला तर गटातल्या बाकीच्यांनी भरायचा. साऱ्या गावाची जोखीम महारवाड्यानं वाहायची ही पद्धत जुनीच आहे, आता पासबुक आलं एवढंच.

सरकारी योजनांचं काय, असं मघाशी एकानं चिठ्ठी पाठवून विचारलंय. सांगतो. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली निघालं. त्याच १९७८ साली, जुलैच्या २७ तारखेला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि पुढच्या दिवसांत या नांदेड जिल्ह्यात काय झालं ते तुमच्या आजीला विचारा. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. वस्त्या जाळल्या. घर म्हणजे काय असतं? चार पत्रे, पोतंभर ज्वारी, शेळी, शिलाई मशीन, एखादा रेडिओ. एका पिढीनं जोडलेलं सगळं भांडवल. ते एका रात्रीत गेलं. आणि आज बँकेचा साहेब विचारतो, वडिलोपार्जित तारण काय आहे? म्हणजे एका हातानं जाळायचं आणि दुसऱ्या हातानं पावती मागायची.

स्टँडअप इंडिया ५ एप्रिल २०१६ ला निघाली. दर बँक शाखेनं निदान एका दलित किंवा आदिवासीला आणि निदान एका बाईला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचं. वाचायला गोड. पण ते कर्जच. तारण घ्यायचं की सरकारी हमी निधीवर भागवायचं, हे ठरवायचं बँकेनं. स्वतःचे पैसे आधी २५ टक्के घालायचे होते, २०२१ ला ते १५ टक्के केले. दहा लाखांच्या कामाला दीड लाख रोख ज्याच्याकडं पडून आहेत असा दलित पोरगा इथं हात वर करा बरं. …बघा. मार्च २०२५ ला ती योजना संपली. २०१५ साली अनुसूचित जातींसाठी व्हेंचर फंड निघाला. सुरुवातीला ५० लाखांच्या खाली बोलणंच नव्हतं. २०२० च्या सप्टेंबरात आंबेडकरांच्या नावानं एक योजना आली, तीत तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत पैसा हिश्शाच्या रूपानं द्यायचा ठरला. ही पहिली गोष्ट मला बरी वाटली. हिस्सा! पण वाट जाते इन्क्युबेटरमधून, म्हणजे मोठ्या संस्थांतल्या उद्योग उबवणाऱ्या केंद्रांतून. किनवटच्या पोराला त्या उबेपर्यंत पोचायलाच एक कर्ज लागेल.

मग कुणी म्हणेल, सरकार काय बुडीत धंद्यात हिस्सेदार होत बसेल? माझ्या राजा, साखर कारखान्यांच्या चिमण्या बघ. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना सुरू केला. १९५४ ला ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल आला, त्यात स्पष्ट होतं की सरकारनं सहकारी संस्थांत भागीदार व्हावं. मग सरकारनं कारखान्यांत भागभांडवल घातलं, कर्जाला थकहमी दिली. उसाची जमीन ज्यांच्याकडं होती त्यांच्या मागं अख्खं राज्य उभं राहिलं. मी म्हणतो, चांगलं झालं. शेतकऱ्याचा कारखाना झाला, रस्ते आले, कॉलेजं आली, मंत्री आले. पुढं किती कारखाने बुडाले, किती विकले गेले, थकहमीपोटी सरकारनं किती भरलं, हे विधानसभेत दर दोन-चार वर्षांनी गाजतं. एका तरी संचालकाचं घर लिलावात निघालेलं ऐकलंय? तिथं जोखीम जनतेची होती. तिथं ऊस तोडायला जाणारा आपला माणूस मात्र मुकादमाची उचल घेऊन जातो. उचल म्हणजे कर्ज. परत तेच! वरच्याला भागभांडवल, खालच्याला उचल.

भांडवल मिळालं तर आपल्याला चालवता येतं का, हा प्रश्न लाज वाटून घेण्यासारखा नाही, त्याला उत्तर आहे. लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे मिलिंद कांबळे इथंच नांदेडच्या पॉलिटेक्निकात स्थापत्य शिकले, पुण्याला बांधकामाचा धंदा उभा केला, २००५ ला दलित उद्योजकांचं चेंबर काढलं, ते डिक्की. २०१३ ला पद्मश्री. सरकारी खरेदीत दलित-आदिवासींच्या लहान उद्योगांना चार टक्के वाटा ठेवणारं २०१२ चं धोरण आलं त्यामागं या मंडळींचा रेटा होता. माझं त्यांच्याशी भांडण आहे. दलित भांडवलदार झाला की जात मोडते, हे मला पटत नाही. आपला शेठ झाला तरी त्याच्या हाताखालच्या मजुराला युनियन लागणारच. पण माणूस आपल्या मातीतला आहे, हिमतीचा आहे, आणि चार टक्क्यांचं धोरण हे कामाचं हत्यार आहे. सरकार गिऱ्हाईक झालं तर बाबासाहेबांच्या कंपनीचं जे झालं ते टळतं. गिऱ्हाईक जात बघून पळून जाणार नाही. मात्र हे चार टक्के वर्षानुवर्षं भरले गेले नाहीत, आणि त्यासाठी आपण एकही मोर्चा काढला नाही. देशात २००५ च्या आर्थिक गणनेत एकूण उद्योगांपैकी ९.८ टक्के दलितांच्या मालकीचे होते, लोकसंख्या १६ टक्क्यांच्या वर असताना. तेही बहुतेक एका माणसाची टपरी.

डब्याच्या धंद्याचं बोललो तेव्हा मागच्या बाकावर एक ताई पुटपुटल्या, मला ऐकू आलं. आपल्या हातचा डबा खाईल कोण? बरोबर आहे ताई. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईची जात विचारणारे पालक अजून आहेत. मेसमालकाच्या पाटीआड आपल्या हातची पोळी चालते, आपल्या नावाची पाटी लावली की घास अडकतो. चंद्रभान प्रसादांनी २०१६ ला मुद्दाम ‘दलित फूड्स’ नावानंच मसाले-लोणचं विकायला काढलं. मला ते भारी आवडलं, कवितेसारखं आहे ते. पण कवितेवर पाच बायांचं घर चालवायचं धाडस मी करणार नाही. पाटीवर काय लिहायचं ते बायांनी ठरवावं. तिथं आपण भाषण ठोकू नये.

वाढ पेटीसारखीच व्हावी लागते असं पण नाही. १९५९ च्या मार्चात गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तो लिज्जत पापड. पुढं हजारो बाया झाल्या, आणि लाटणारी प्रत्येक जण त्या संस्थेची सभासद, नफ्यातोट्याची वाटेकरी. धंदा वाढला तसे हात वाढले. एक मोठी मेस करण्यापेक्षा दहा लहान मेसा, किराणा एकत्र, हिशेब एकत्र, मे महिन्यासाठी दर डब्यामागं रुपया बाजूला. आपल्याला जमेल अशी वाढ मला ही दिसते.

आता कडू गोष्ट. ती सांगितल्याशिवाय उतरणार नाही. हिस्सा द्या, भागभांडवल द्या, अशी मागणी मी करतोय. पण महाराष्ट्र सरकारनं ती योजना एकदा दिली आहे! अनुसूचित जातींच्या औद्योगिक सहकारी संस्थांसाठी. पाच टक्के सभासदांनी घालायचे, ३५ टक्के सरकारचं भागभांडवल, ३५ टक्के सरकारचं कर्ज, २५ टक्के बँकेचं. साखर कारखान्याचाच साचा, आपल्यासाठी. मग कुठं आहेत ते कारखाने? एमआयडीसीत फिरा. कुठं नुसता फलक, कुठं कुलूप, कुठं शेडच्या जागी बाभळी. सभासद आपले, सह्या आपल्या, जातीचे दाखले आपले, आणि चेकबुक वाड्यावर. आपल्या माणसाला अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसवायचा, त्याला वर्षाला दोन सफारी शिवायच्या. मातंग समाजासाठी काढलेल्या अण्णाभाऊ साठे महामंडळातल्या कोट्यवधींच्या अपहाराचा गुन्हा २०१५ ला नोंदला गेला, त्या वेळचा अध्यक्ष, एक आमदार, अटकेत गेला. तो तर बाहेरचा नव्हता. म्हणजे पैसा हिश्शाचा असून भागत नाही. हिशेबाची वही कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं ठरतं. सह्याजीरावांची पिढी आपल्यातूनच निघाली, आणि ती खपवून घेणारेही आपणच.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात नाही, जरा लांबट आहे, पण ऐका. धंदा उभा करायला आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज काढू नका. दुखण्याला, बाळंतपणाला लागलं तर माझा इलाज नाही, धंद्याला नको. आपल्या नोकरीवाल्यांची एक फळी झालीय, मास्तर, तलाठी, बँकवाले, एसटीवाले. ते विहाराला देणगी देतात, जयंतीला वर्गणी देतात, बंगल्याला ग्रॅनाईट लावतात. त्यांना सांगा, पाच बायांच्या धंद्यात हिस्सा घ्या. देणगी नको, व्याजानं नको. बुडालं तर तुमचं बुडेल असं कागदावर लिहून घ्या. रीतसर सहकारी संस्था नोंदवा, एक माणूस एक मत. दुप्पट करून देतो म्हणून ठेवी गोळा करायच्या नाहीत, तो गुन्हा आहे आणि त्या वाटेनं आपल्यातले कितीक जण तुरुंगात गेलेत. आणि वही दर पौर्णिमेला विहारात सगळ्यांपुढं वाचायची. बायांनी वाचायची.

सरकारकडं मागणी ठेवायची ती कर्जाच्या टक्केवारीची नको. पाच-दहा लाखांपर्यंतचं भागभांडवल, तारणाशिवाय, तालुक्याच्या ठिकाणी मिळणारं. आणि सरकारी वसतिगृहांची, दवाखान्यांची खरेदी त्या चार टक्क्यांच्या हिशेबानं आपल्या संस्थांकडून.

त्याआधी एक काम या शिबिरातूनच सुरू करू. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत त्या ३५ टक्के भागभांडवलाच्या योजनेतून किती संस्थांना पैसा गेला, कुणाच्या नावे, किती, शेड उभी आहे का, मशिनं आहेत का, वीज जोडली का, कामावर किती माणसं. समाजकल्याण कार्यालयाकडं माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. अर्जाचा नमुना मी झेरॉक्स करून आणलाय, चहाच्या टेबलावर ठेवलाय. उत्तर आलं की यादी घेऊन एकेका शेडवर प्रत्यक्ष जायचं, फोटो काढायचे, सभासदांच्या घरी जाऊन विचारायचं की बाई, तुम्ही कारखान्याच्या मालकीण आहात हे तुम्हाला माहीत आहे का? मुखेड आणि कंधारला आपली पोरं तयार आहेत, देगलूरच्या दोघी आताच मला बोलल्या. उदगीर, निलंगा, अहमदपूर कोण घेतंय ते हात वर करून सांगा. मला रात्रीची गाडी आहे, पण नावं लिहून झाल्याशिवाय मी निघत नाही.